‘मी जागा आहे!’

एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यांमध्ये मी इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करते. तापमान, दाब, टाकीतली पातळी मोजणारी उपकरणं आणि त्यांवर लक्ष ठेवणारे कंट्रोलर, यांची देखभाल. या सगळ्या पसाऱ्यात तळहाताएवढा एक डबा असतो. त्याचं नाव वॉचडॉग, म्हणजे राखणदार कुत्रा. दिसायला अगदी साधा. पण ज्यांच्या घरचं माणूस रात्रपाळीला कारखान्यात जातं, त्या प्रत्येकीला त्याची ओळख असायला हवी असं मला वाटतं.

रात्री गस्त घालणारा वॉचमन आठवा. चोर आलेला नसतानाही तो काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरतो. का? तर तो जागा आहे हे आपल्याला कळावं म्हणून. ज्या रात्री काठी वाजत नाही, त्या रात्री ‘किती शांत आहे’ म्हणून कूस बदलायची नसते. उठून बघायचं असतं.

वॉचडॉगचं काम नेमकं हेच. रिअ‍ॅक्टरची वाफ, थंड पाणी, दाब हे सगळं कंट्रोलर सांभाळतो. तो बिघडला, अडकला तर कळणार कसं? म्हणून त्याने ठरावीक वेळाने वॉचडॉगला एक सिग्नल द्यायचा. चालू-बंद, चालू-बंद, नाडीच्या ठोक्यासारखा. ठरलेल्या वेळेत ठोका आला नाही, की वॉचडॉग कुणाला विचारत बसत नाही. रिले पाडतो. वाफेचा व्हॉल्व्ह सिग्नल आहे तोवरच उघडा असतो. सिग्नल गेला की आतली स्प्रिंग तो बंद करते. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उलट, सिग्नल गेला की उघडतो. प्लँट आपोआप सुरक्षित बाजूला जातो.

गंमत म्हणजे सिग्नल नुसता ‘चालू’ राहिला, तरी वॉचडॉग ते चालवून घेत नाही. अडकलेली वस्तूही ‘चालू’च दिसते ना! बदल दिसला, तरच समोरचा जिवंत.

अडकलेला आकडा काय करू शकतो, याचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. हर्टफर्डशायरमध्ये बन्सफील्ड इथे इंधनाचं मोठं आगार होतं. ११ डिसेंबर २००५, रविवारची पहाट. ९१२ नंबरच्या टाकीत पेट्रोल भरलं जात होतं. ३ वाजण्याच्या सुमारास पातळी दाखवणारा गेज अडकला. पडद्यावरचा आकडा स्थिर, टाकी मात्र भरतच होती. आकडा वाढत नाही म्हटल्यावर अलार्म तरी कसा वाजणार? शेवटचा उपाय म्हणून एक वेगळा स्विच होता. पण त्याच्या चाचणीच्या दांडीला लागणारं कुलूप बसवलेलंच नव्हतं, त्यामुळे तोही निकामी. २,५०,००० लिटरहून जास्त पेट्रोल बाहेर वाहिलं, त्याच्या वाफेचा ढग पसरला आणि ६ च्या सुमारास स्फोट झाला. ४३ जण जखमी झाले. रविवारची पहाट होती, आसपासच्या कचेऱ्या रिकाम्या होत्या. कुणाचा जीव गेला नाही, हे नशीब. चौकशीत निघालं, की तो गेज ऑगस्टअखेरपासून १४ वेळा अडकला होता!

आता आपल्याकडचं. वॉचडॉगने प्लँट पाडला की उत्पादन थांबतं, कधी अख्खी बॅच वाया जाते. मग कुणीतरी दोन टर्मिनलमध्ये वायरचा तुकडा अडकवतं. त्याला म्हणतात जंपर. एका कारखान्यात तपासणीला गेले असताना मी असा जंपर पाहिला. ऑपरेटर म्हणाला, ‘‘सारखा ट्रिप व्हायचा मॅडम. वरून बोलणी आम्हाला.’’ त्याचं खोटं नव्हतं. सारखा ट्रिप होतो म्हणजे कुठेतरी वायर ढिली असते, कार्ड खराब असतं, नाहीतर कंट्रोलरच दमलेला असतो. पण ते शोधायला प्लँट थांबवायची परवानगी त्याला कुणी देत नव्हतं. ‘‘किती दिवस झाले जंपर लावून?’’ त्याला आठवत नव्हतं. डबा जागेवर, दिवा हिरवा, आणि राखणदाराचं तोंड बांधलेलं.

कधी दुरुस्तीसाठी बायपास करावा लागतोही. पण त्याची वहीत नोंद हवी, जबाबदार अधिकाऱ्याची सही हवी आणि तो कधी काढायचा ती वेळही लिहिलेली हवी.

मैत्रिणींनो, घरचं माणूस पाळीवरून आलं की आपण विचारतो, ‘डबा खाल्ला का?’ एखाद्या दिवशी हेही विचारा. तुमच्याकडे ट्रिपची चाचणी शेवटची कधी झाली? कुठे जंपर लावलाय का? त्याची नोंद कुणी ठेवतं का? त्याला उत्तर माहीत नसेल, तर हाच प्रश्न त्याने सेफ्टी कमिटीच्या बैठकीत मांडावा, चारचौघांच्या साक्षीने. ‘तुला काय कळतंय त्यातलं?’ असं तो म्हणेलही. म्हणू दे. काठीचा आवाज येतोय की नाही, एवढं तर आपल्याला नक्की कळतं.