तो पुन्हा तसेच करील का?

लैंगिक अत्याचाराची शिक्षा भोगून एखादा माणूस सुटून आला की वस्तीत दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणते, "असली माणसे कधी सुधारत नाहीत." कोणी म्हणते, "फार रडला हो, पस्तावलाय बिचारा." अभ्यासकांच्या मते हे दोन्ही अंदाज कच्चे आहेत.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ कार्ल हॅन्सन आणि मोनिक बुसिएर यांनी १९९८ साली ६१ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत २३ हजारांहून अधिक गुन्हेगारांची माहिती होती. चार-पाच वर्षांत त्यांपैकी सुमारे १३ टक्के जणांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचे आढळले. अर्थात हे उघडकीस आलेले गुन्हे. ज्यांची तक्रारच झाली नाही, ते यात नाहीत.

मग धोका कोणापासून अधिक? हॅन्सन आणि डेव्हिड थॉर्नटन यांनी १९९९ साली 'स्टॅटिक-९९' नावाची दहा प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. आधी असे गुन्हे किती, सुटताना वय काय, अत्याचार झालेली व्यक्ती अनोळखी होती का, असे हे प्रश्न. प्रत्येकाला गुण द्यायचे. बेरीज जास्त, तर धोका जास्त. पश्चात्तापाला मात्र यात गुण नाहीत. डॉक्टरांसमोर गुन्हा नाकारणे वा कबूल करणे यावरून पुढचे वागणे फारसे कळत नाही, असेच त्या अभ्यासांत दिसले होते.

ही मोजपट्टी म्हणजे भविष्यवाणी नव्हे. रक्तदाब वाढलेल्या प्रत्येकाला पक्षाघात होत नाही. पण त्याच्यावर लक्ष अधिक ठेवावे लागते. तसेच हे. शिवाय धोका कायम तेवढाच राहत नाही. सुटल्यावर जितकी वर्षे गुन्ह्याविना जातात, तितका तो घटत जातो. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत देखरेख आणि उपचार यांची गरज सर्वांत मोठी.

पालकांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. मोजपट्टी लागते ती पकडल्या गेलेल्यालाच. मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो आणि त्याचे नाव कोणत्याही नोंदीत नसते. तेव्हा मूल एखाद्या काकांकडे किंवा शिकवणीला जायला एकाएकी नको म्हणू लागले, तर रागावू नका. जवळ घेऊन शांतपणे विचारा आणि ते सांगेल त्यावर विश्वास ठेवा. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.