दरवाजाची परीक्षा

अमेरिकी बंदरातून बाहेर पडणारा कंटेनर दोन उंच खांबांच्या दरवाजातून पुढे जातो. किरणोत्सर्ग जाणवला की अलार्म वाजतो, पण किरणोत्सर्ग कशाचा, ते हे खांब सांगत नाहीत. त्यांतलं प्लॅस्टिक मांजराच्या लिटरची माती, सिरॅमिक फरशा आणि युरेनियम यांत फरक करू शकत नाही. मग कंटेनर बाजूला घ्यायचा आणि हातातल्या यंत्राने पुन्हा तपासायचा, तोवर मागे ट्रकांची रांग.

हा ताप मिटवायचं काम 2005 मध्ये डोमेस्टिक न्यूक्लिअर डिटेक्शन ऑफिसकडे, म्हणजे डीएनडीओकडे आलं. संशोधनाची आखणी, खरेदी आणि चाचणी, सगळं एकाच छपराखाली. माझ्या मते खरी गोम इथेच होती. किरणोत्सर्गाचा उगम ओळखणाऱ्या नव्या दरवाजांसाठी जुलै 2006 मध्ये तीन कंपन्यांशी सुमारे 116 कोटी डॉलरपर्यंतचे करार झाले.

गाओ ही अमेरिकी काँग्रेससाठी हिशेब तपासणारी संस्था, आपल्या कॅगची चुलत बहीणच. तिने डीएनडीओचं फायद्या-तोट्याचं गणित उघडून पाहिलं. समृद्ध युरेनियम ओळखण्यात नवा दरवाजा 95 टक्के यशस्वी होईल असं त्यात गृहीत धरलं होतं. चाचण्यांतला आकडा मात्र 70 ते 88 टक्क्यांचा होता. काँग्रेसने मग अट घातली: कामगिरीत लक्षणीय सुधारणा झाल्याचं खुद्द अंतर्गत सुरक्षा मंत्र्यांनी प्रमाणित करावं, मगच पूर्ण खरेदी.

2007 मध्ये नेवाडाच्या वाळवंटात परीक्षा झाली. अंतिम फेरीत जे पदार्थ ठेवायचे, बहुतेक तेच घेऊन आधी रंगीत तालमी केल्या गेल्या आणि कंपन्यांना त्यावरून यंत्रं जुळवूही दिली. पेपर आधीच हाती आलेला विद्यार्थी पहिला येणारच! गाओने हे निष्कर्ष पक्षपाती ठरवले.

पुढच्या काही चाचण्या थेट बंदरांवर झाल्या. 2009 मध्ये खोटे अलार्म वाजलेच, शिवाय एक दरवाजा मध्येच बंद पडला आणि तिथल्या कस्टम्स कर्मचाऱ्याला त्याची सूचनाच मिळाली नाही. न तपासलेला माल बिनदिक्कत बाहेर जाऊ शकला असता. 2011 मध्ये हा प्रकल्प गुंडाळण्यात आला. सरकारी गाडा सुरू झाला की थांबत नाही असं आपण म्हणतो, तो इथे थांबला.

कुणी प्रश्नच विचारला नाही ती गोष्ट वेगळी होती. या दरवाजांत न्यूट्रॉन टिपायला तेव्हा हेलियम-3 वायू लागे. अण्वस्त्रांसाठीच्या ट्रिशियमचा ऱ्हास होऊन तो मिळतो, आणि शस्त्रसाठा घटला तशी नवी आवकही आटली. दरवाजे मात्र वाढत होते आणि एकूण साठ्याची राखण कुणा एका खात्याकडे नव्हती. टंचाई 2008 मध्ये उघड झाली. पुढच्याच वर्षी व्हाइट हाउसच्या पुढाकाराने रेशनिंग आलं, त्यात दरवाजांचा वाटा बंद झाला आणि डीएनडीओला बोरॉन, लिथियमचे पर्याय शोधावे लागले.