पुसले म्हणजे गेले?

आमच्या शेजारी एक निवृत्त करसल्लागार राहतात. रद्दीवाला यायच्या आदल्या दिवशी ते गॅलरीत बसून अशिलांचे जुने कागद स्वतःच्या हातांनी बारीक फाडतात. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी जुना संगणक भंगारात द्यायला काढला, तेव्हा मी सहज विचारले, ‘‘काका, आतल्या फायलींचे काय?’’

‘‘सगळ्या डिलीट केल्या. रिसायकल बिनसुद्धा रिकामे केले!’’ काका समाधानाने म्हणाले.

कागदांच्या बाबतीत एवढा दक्ष माणूस इथे मात्र फसला होता. सातबाऱ्यावरून नाव कमी केले म्हणून शेतातले पीक नाहीसे होत नाही. संगणकाचेही तसेच आहे. फाइल पुसायला सांगितली की तो फक्त आपल्या यादीत ‘ही जागा मोकळी’ अशी नोंद करतो. मजकूर जागच्या जागी राहतो, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. डॉसच्या जमान्यात तर फाइलच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलले जाई. 1991 साली एमएस-डॉसच्या पाचव्या आवृत्तीत ‘अनडिलीट’ नावाचा हुकूमच आला. म्हणजे पुसलेले पुसले जात नाही, हे काही गुपित नव्हते.

तरीही जग गाफील राहिले. अमेरिकेतील एमआयटीच्या सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलट या दोघांनी जुन्या बाजारातून 158 हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या 129 चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या होत्या अवघ्या बारा! उरलेल्यांत लोकांची पत्रे, औषधोपचाराचा मजकूर आणि पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले. एक डिस्क तर बँकेच्या एटीएम यंत्रातली असावी, असे तिच्यातल्या व्यवहारांच्या नोंदींवरून दिसत होते. त्यांचा हा लेख 2003 साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे गल्लोगल्ली जुने संगणक विकले जातात, तिथे कोणी असा शोध घेतला तर काय हाती लागेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मग पुसायचे कसे? जुन्या, फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कचा उपाय सोपा आहे : सबंध डिस्कवर शून्ये लिहून काढायची. 1996 साली पीटर गुटमन यांनी पस्तीस वेळा लिहिण्याची पद्धत मांडली होती आणि पुढे कित्येक जण ती एखाद्या व्रतासारखी पाळत राहिले. खुद्द गुटमन यांनीच नंतर सांगितले, की नव्या डिस्कना एवढ्या आवर्तनांची गरज नाही. एकदा नीट केलेले काम पुरते. ‘क्विक फॉरमॅट’ने मात्र मजकूर पुसला जात नाही.

नव्या एसएसडीची गोष्ट निराळी. तिच्यातील कप्पे सारखे झिजावेत म्हणून ती लिखाण स्वतःच्या मर्जीने इकडे-तिकडे ठेवते. आपण जुन्या मजकुरावर लिहितो असे वाटते, पण लिहिले जाते भलतीकडेच. तिला उत्पादकाने दिलेला आतला पुसण्याचा हुकूम द्यावा लागतो. 2011 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांना काही डिस्कमध्ये तो हुकूमही सदोष आढळला. म्हणून पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन करून, म्हणजे सारा मजकूर कुलूपबंद करूनच वापरावी. विकताना किल्ली नष्ट केली की उरतो तो निरर्थक अक्षरांचा ढीग.

आणि दुसऱ्या प्रती? 1986 साली इराण-काँट्रा प्रकरणात व्हाइट हाउसमधील ऑलिव्हर नॉर्थ यांनी आपले संगणकीय निरोप पुसले होते. ते सापडले राखीव प्रतींच्या टेपांवर.

हे ऐकून काका गप्प झाले. मग आत जाऊन त्यांनी कपाटातून एक पेन ड्राइव्ह आणला, ‘‘ह्याच्यावरही आहे रे सगळे.’’ त्या रात्री त्यांचा संगणक पहाटेपर्यंत शून्ये लिहीत बसला होता. सकाळी भंगारवाल्याने त्याचे चारशे रुपये दिले. पेन ड्राइव्ह काकांनी वरवंट्याने फोडला, गॅलरीतच बसून.