परदेशची भांडी आणि घरचा हिशेब

ज्या घरातील एक तरी मुलगा वा मुलगी समुद्रापार नोकरीस अथवा शिक्षणास आहे, असे सुशिक्षित कुटुंब आज छत्रपती संभाजीनगरात शोधावे लागत नाही. समर्थनगरात पाहा की ज्योतीनगरात पाहा, उन्हाळ्यात आईवडील मुलांकडे जातात आणि दोन-तीन महिन्यांनी परततात. या परतीच्या सामानात पूर्वी चॉकलेटे आणि अत्तरे असत. अलीकडे त्यांत स्वयंपाकाच्या भांड्यांची भर पडू लागली आहे. "तिकडे हेच भांडे पुष्कळ स्वस्त मिळते" हे वाक्य ज्याच्या-त्याच्या तोंडी असते. ते खोटे नाही. परंतु ते अर्धेच खरे आहे. उरलेला अर्धा भाग वजन, जकात आणि आपल्या स्वयंपाकाची रीत यांत दडलेला असतो. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

परदेशी भांड्यांचे आकर्षण आपल्याला नवे नव्हे. अॅल्युमिनियमच्या पातेल्यास आपल्याकडील कित्येक घरांत अजूनही 'जर्मनचे पातेले' म्हणतात. १८९२ मध्ये स्वीडनमध्ये निघालेला प्रायमस स्टोव्ह आपल्या स्वयंपाकघरात असा रुळला, की ते कोणा परक्याचे नाव आहे याचेही विस्मरण झाले. मात्र या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. परदेशी कंदिलांच्या जागी ओगले बंधूंनी ओगलेवाडीस 'प्रभाकर' कंदील तयार केला. वाफेच्या दाबावर शिजविण्याची युक्ती फ्रान्सच्या देनी पापँ याची, १६७९ सालची; परंतु १९५९ पासून 'हॉकिन्स' व 'प्रेस्टिज' हे कुकर आपल्या देशात तयार होऊ लागले आणि आज कुकर परदेशाहून आणावा असे कोणाच्या मनातही येत नाही. तेव्हा कोणतीही वस्तू बाहेरून आणण्यापूर्वी 'ही आता येथेच होते काय?' हा पहिला प्रश्न विचारावा.

आज ज्या भांड्यांची ओढ आहे ती मुख्यतः तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार मुलाम्याच्या बिडाचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यावर काचेसारखा रंगीत थर चढविलेला असतो. फ्रान्समधील 'ल क्रूझे' हा कारखाना १९२५ पासून अशी भांडी करीत आला आहे. दुसरा प्रकार पदरी पोलादाचा. दोन पोलादी पत्र्यांच्या मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा दाबून बसविला म्हणजे आच सर्वत्र सारखी पसरते व दूध तळाशी लागत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतातील 'ऑल-क्लॅड' या भांड्यांचा उगम १९७१ सालचा. तिसरा प्रकार तांब्याचा. नॉर्मंडीतील व्हिलदिअ या गावी 'मोव्हिएल' हे घराणे १८३० पासून तांबटकाम करीत आहे.

आता हिशेबाकडे वळू. सोयीसाठी एक युरो म्हणजे १०० रुपये असे धरू. समजा, बिडाचे एक पातेले मुंबईच्या दुकानात ३०,००० रुपयांस आहे व पॅरिसमध्ये २५० युरोंस, म्हणजे २५,००० रुपयांस आहे. फ्रान्समध्ये या किमतीत २० टक्के दराचा विक्रीकर समाविष्ट असतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या प्रवाशाने एका दुकानी १०० युरोंहून अधिक खरेदी केली, तर तो कर परत मागता येतो. मध्यस्थाची दलाली वजा जाता बहुधा किमतीच्या १२ टक्क्यांच्या आसपास रक्कम हाती येते. येथे ती ३,००० रुपये होईल. उलटपक्षी, कार्डाने पैसे दिल्यास बँक परकीय चलनाचा आकार लावते. तो ३.५ टक्के धरला व त्यावरील वस्तू-सेवा कर मिळविला, तर सुमारे १,००० रुपये जातात. म्हणजे पातेले २३,००० रुपयांस पडले आणि ७,००० रुपये वाचले. ही बचत खरी आहे. पण ती पातेले स्वतःच्या पेटीतून आणले तरच.

या सवलतीच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. तेथे राहणाऱ्या मुलास हा कर परत मिळत नाही. तो पाहुण्या म्हणून गेलेल्या आईवडिलांस मिळतो. म्हणून खरेदी त्यांच्याच नावे, त्यांचे पारपत्र दाखवून करावी आणि परतताना विमानतळावर कागदांवर मोहोर उमटवून घ्यावी. शिवाय, सर्वच देशांत अशी सोय नाही. ब्रिटनने प्रवाशांसाठी असलेली ही सवलत १ जानेवारी २०२१ पासून बंद केली. अमेरिकेत तर अशी देशव्यापी पद्धतच नाही.

तेच पातेले मुलाने कुरिअरने पाठविले तर काय होते? विमानाने माल नेणाऱ्या कंपन्या केवळ वजन पाहत नाहीत. पेटीने व्यापलेली जागाही मोजतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत घेऊन त्यांचा गुणाकार करावयाचा व त्यास ५,००० ने भागावयाचे. येणारा आकडा आणि खरे वजन यांत जो मोठा, त्यावर भाडे. पातेले व त्याचे वेष्टन मिळून साडेसहा किलो भरले, परंतु पेटी ४० × ४० × ३० सेंटिमीटर असली, तर भाडे ९.६ किलोंचे पडते. किलोस १,००० रुपये दर धरला, तर ९,६०० रुपये झाले. कर वजा न होता घेतलेल्या २५,००० च्या पातेल्याचे ३४,६०० रुपये झाले. म्हणजे मुंबईचा भाव ओलांडला आणि जकात अद्याप भरावयाचीच आहे! ती जकातही नुसत्या किमतीवर नव्हे, तर किंमत, भाडे व विमा यांच्या बेरजेवर आकारतात. "भेट म्हणून पाठविले आहे" असे लिहिल्याने सुटका होते, ही समजूत जुनी झाली. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटींस असलेली माफी डिसेंबर २०१९ मध्ये राखीसारखे अपवाद वगळून काढून टाकण्यात आली.

प्रवाशाबरोबर येणाऱ्या सामानाची गोष्ट निराळी. त्यास ठराविक किमतीपर्यंत जकात माफ असते. २०१६ च्या नियमांनी ही मर्यादा माणशी ५०,००० रुपये ठेवली होती व तिच्यावरील किमतीस अधिभारासह ३८.५ टक्के जकात पडे. दोघांची सूट एकत्र करण्यासही त्या नियमांत मनाई होती. म्हणजे पतिपत्नींनी मिळून ९०,००० रुपयांचा एकच संच आणला, तर तो दोघांत वाटला गेला असे सरकार मानीत नसे. हे आकडे वेळोवेळी बदलतात. म्हणून निघण्यापूर्वी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर त्या महिन्याचा नियम पाहावा व दुकानाची पावती हाताशी ठेवावी.

आपल्या शहराची एक अडचण वेगळीच आहे. परदेशाहून थेट विमान चिकलठाण्यास उतरत नाही. लांबच्या प्रवासात सामान्यतः २३ किलोंची पेटी चालते. परंतु मुंबईहून पुढचे तिकीट स्वतंत्र काढले असेल, तर देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोच चालतात. पॅरिसहून फुकट आलेले बीड मुंबईस भाडे मागू लागते. अशा वेळी आगगाडीचा मार्ग बरा. अमेरिकेहून येणाऱ्यांनी हेही जाणून असावे, की तेथे बिडाचे भांडे हातातील पिशवीत नेऊ देत नाहीत. ते मोठ्या पेटीतच घालावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. हे भांडे आपल्या चुलीवर नांदेल काय? मुलाम्याच्या बिडाचा मोठा गुण असा, की चिंच, आमसूल वा टोमॅटो यांच्या आंबटाने ते बिघडत नाही; उघड्या बिडात आमटी काळवंडते. मात्र त्यास मंद वा मध्यम आच मानवते. रिकामे भांडे भडक आचेवर तापवून फोडणी देणे, तापलेल्यावर गार पाणी ओतणे, काठाला सांडशी लावणे आणि पोलादी उलथन्याने खरवडणे या आपल्या चार सवयी त्याच्या मुळावर येतात. शिवाय मध्यम आकाराचे रिकामे पातेलेही पाच किलोंच्या आसपास भरते. ज्या आईसाठी मुलगा ते घेतो तिचे मनगट साठीनंतर ते रोज उचलील काय, याचा विचार दुकानातच व्हावयास हवा. नाही तर ते मांडणीवरची शोभा होऊन बसते.

तांब्याच्या भांड्यास आतून पोलादाचा थर असेल तर प्रश्न नाही. पण कथलाची कल्हई असेल, तर ती २३२ अंशांस वितळते आणि पुढे कल्हईवाला शोधणे आलेच. ही कला आपली स्वतःची आहे. पुण्याच्या तांबट आळीचे नाव कोणास ठाऊक नाही? तेव्हा तांब्यासाठी नॉर्मंडी गाठण्याचे कारण नाही. पदरी पोलादाची भांडी तर आता हॉकिन्स व प्रेस्टिजही करतात. त्यांची दुरुस्तीची हमी येथे चालते, मूठ बदलून मिळते; परदेशी हमीपत्रासाठी भांडे पुन्हा समुद्रापार धाडावे लागले, तर सारी बचत एका खेपेत संपते.

दोन वस्तू मात्र निश्चयाने टाळाव्या. अमेरिकेतील विजेची उपकरणे १२० व्होल्टची असतात व आपली वीज २३० व्होल्टची. तो मोह सोडावा. दुसरा, प्रेशर कुकर. १ फेब्रुवारी २०२१ पासून आपल्या देशात घरगुती कुकरला भारतीय मानकाची खूण सक्तीची झाली आहे. आणि परक्या कुकरचे रबरी कडे व झडप येथील बाजारात मिळाली नाही, तर तो निरुपयोगीच नव्हे, धोक्याचाही ठरतो.

सारांश असा. मुलाम्याच्या बिडाचे एखादे भांडे, आपण स्वतः जाणार असलो, पेटीत जागा असली आणि घरात ते हाताळणारे हात बळकट असले, तर अवश्य आणावे. ते नीट वापरल्यास पिढ्यान्‌पिढ्या टिकते. बाकीच्यांसाठी आधी येथील बाजार पाहावा. परगावी असलेल्या मुलांनाही आईवडिलांनी आपण होऊन सांगावे, की तुमच्या प्रेमाचे माप पातेल्याच्या किमतीने होत नाही. आम्हाला काय हवे ते विचारून घ्या. असे विचारण्याची लाज न वाटणे हीच खरी काटकसर आणि तिला कोणत्याही बंदरात जकात पडत नाही.