फुगलेले पोट म्हणजे भरलेले पोट नव्हे

मागच्या दिवाळीत एका हितचिंतकांनी आपल्या मुलींच्या वसतिगृहाला माशांची काचेची टाकी भेट दिली. साधारण 100 लिटर पाणी, दोन गोल्डफिश, हवेचा पंप आणि फिल्टर. सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेल्या आपल्या मुलींना मासा नवा नाही. ओढ्यात हाताने मासे धरतच त्या वाढल्या. पण मासा पाळायचा, ही गोष्ट त्यांना नवी होती. ऐन पावसाळ्यात एके सकाळी पाचवीतली एक मुलगी धावत आली. "ताई, मोठ्या माशाचं पोट फुगलंय. गाभोळी असेल का?"

प्रश्न अगदी योग्य होता. पोट फुगणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. कारण ओळखल्याशिवाय औषध टाकले तर मासा रोगाऐवजी औषधानेच दगावतो. अनेक शाळांत आणि वसतिगृहांत आता अशा टाक्या आहेत, म्हणून आम्ही जे शिकलो ते इथे सांगत आहोत.

आधी पाहा

माशाकडे फक्त समोरून पाहू नका, टाकीच्या वरून पाहा. खवले अंगाला चिकटलेले आहेत की उभे राहिले आहेत, हे वरूनच नीट कळते.

मादीच्या पोटात अंडी असतील तर पोट हळूहळू वाढते, बरेचदा एका बाजूला जास्त. पण ती नेहमीसारखी पोहते, खाते. खवले सपाट असतात. तिला उपचाराची गरज नाही.

खाणे जास्त झाले असेल तर पोट अचानक फुगते. मासा सुस्तावतो, तिरपा पोहतो किंवा पाण्यावर तरंगत राहतो. विष्ठा बंद होते किंवा तिचा लांब दोरा मागे लोंबत राहतो. खवले मात्र सपाटच असतात. हे बद्धकोष्ठ.

तिसरे कारण सर्वांत गंभीर. सीताफळाचे डोळे सुटे व्हावेत तसे सगळे खवले उभे राहतात, डोळे बाहेर येतात, मासा तळाशी बसून राहतो, खाणे सोडतो. हा जलोदर. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात क्षार जास्त आणि बाहेरच्या पाण्यात कमी असतात. त्यामुळे पाणी कल्ल्यांतून आणि कातडीतून सतत आत शिरत असते, आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकत असतात. मूत्रपिंडे बिघडली की पाणी आतच साचते. म्हणजे तिथे पोट अन्नाने भरलेले नसते. आपल्या आरोग्य शिबिरात हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे आलेले बाळ पाहून कुणी 'पोटभर जेवते' असे म्हणत नाही. इथेही तसेच आहे.

मग उपचार

बद्धकोष्ठ असेल तर दोन-तीन दिवस काहीही खायला देऊ नका. निरोगी गोल्डफिश तेवढे दिवस सहज उपाशी राहतो. नंतर मटाराचा दाणा उकडून, साल काढून, कुस्करून अगदी थोडा द्या.

जलोदर वाटल्यास माशाला हवेच्या पंपासह वेगळ्या टबात ठेवा. पाणी जुन्या टाकीइतकेच कोमट-थंड असावे. त्यात एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, 20 लिटरला चहाचा एक सपाट चमचा या प्रमाणात विरघळवून हळूहळू घाला. त्याने साचलेले पाणी उतरायला मदत होते. हे औषधाच्या दुकानातून आणा. कृषी केंद्रात पिकासाठी मिळते ते वापरू नका. रोज चौथा हिस्सा पाणी बदला आणि नव्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा घाला. माणसांच्या गोळ्या-कॅप्सूल फोडून टाकीत टाकू नका. पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय प्रतिजैविक नको. आणि खरे सांगायचे तर, सगळे खवले उभे राहिल्यावर मासा क्वचितच वाचतो.

आजारी टाकीत जखमेचा हात घालू नये. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. मेलेला मासा खोल पुरावा. आणि जिवंत असो वा मेलेला, गोल्डफिश ओढ्यात कधीही सोडू नये. तो तिथला नव्हे. त्याच्यासोबत रोगही जातो.

मूळ कुठे होते

आमचा मोठा मासा उपासाने आणि मटाराने पाचव्या दिवशी पूर्ववत झाला. धाकट्याचे खवले मात्र उभे राहिले होते. चौथ्या दिवशी तो गेला. त्या मुलीने दोन दिवस टाकीकडे पाहिले नाही. "मीच रोज खाऊ घालत होते," एवढेच ती म्हणाली.

चौकशी केली तेव्हा कळले, ती एकटी नव्हती. चाळीस मुली येता-जाता चिमूट-चिमूट खाणे टाकत होत्या. उरलेले तळाशी कुजत होते आणि त्यातून अमोनिया तयार होत होता. फिल्टरमध्ये राहणारे उपयोगी जिवाणू हा अमोनिया संपवतात. पण पावसाळा म्हणून विहिरीत टीसीएल पावडर टाकलेली होती आणि आम्ही मोठ्यांनी तेच पाणी थेट टाकीत ओतले, फिल्टरही त्यातच धुतला. क्लोरीनने ते जिवाणू मरतात आणि माशाचे कल्लेही भाजतात. चूक मुलींच्या मायेची नव्हती. ती माया कशी द्यायची, हे आम्ही त्यांना सांगितले नव्हते.

आता नियम साधे आहेत. दिवसातून एकदा, एकच मुलगी, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे. दाणे आधी पाण्यात भिजवायचे. नवे पाणी उघड्या टबात पंप लावून 24 तास ठेवायचे. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे. फिल्टर टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवायचा.

वही त्याच मुलीकडे दिली आहे. रोज सकाळी ती टाकीच्या वरून पाहते आणि लिहिते: 'खवले सपाट. पोहतो आहे.' गेल्या आठवड्यात तिने विचारले, "ताई, गावाकडच्या शेततळ्यातल्या रोहूलाही असंच होतं का?" होते. रोहू-कटल्यालाही जलोदर होतो, आणि तिथे एका कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न पणाला लागलेले असते. दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊन घरी जाणार आहे.