घराचे खेळते भांडवल

वाणिज्य शाखेत ‘खेळते भांडवल’ म्हणजे काय ते शिकवतात. ज्याच्या पगारावर घर चालते त्याला ते वेगळे शिकवावे लागत नाही. पहिल्या तारखेला आलेला पैसा भाडे, वाणी, दूध, औषधे, धाकट्याची फी असा फिरत फिरत पंचवीस तारखेपर्यंत संपतो आणि उरलेले दिवस घर काटकसरीवर निघते. अशा घरातल्या कमावत्या माणसाने व्यवस्थापनाची पदवी घ्यायची ठरवली, की लोक पहिल्यांदा विचारतात, ‘फी किती?’ माझा अनुभव असा, की सगळ्या प्रश्नांत फीचा प्रश्न सर्वांत सोपा.

नोकरी सांभाळून शिकण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. मुंबई विद्यापीठाचे पत्रद्वारा शिक्षण १९७१ मध्ये सुरू झाले. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने १९८७ मध्ये जे पहिले दोन अभ्यासक्रम आणले, त्यांतला एक व्यवस्थापनाच्या पदविकेचा होता. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चे. म्हणजे दारे उघडी आहेत. आत जाताना घर कुणाच्या भरवशावर सोडायचे, एवढेच ठरवायचे असते.

पूर्णवेळ शिकायचे तर दोन वर्षांची फी डोळ्यांना दिसते. दोन वर्षांचा बुडालेला पगार माहितीपत्रकात छापलेला नसतो. शैक्षणिक कर्ज घेतले तर शिक्षण संपेपर्यंत सहसा हप्ते थांबतात, व्याज मात्र चढत राहते. शिवाय ते कर्ज घरच्या वाणसामानासाठी मिळत नाही. माझ्या घरात बाबा निवृत्त, पेन्शन नाही आणि भाऊ बारावीला. म्हणून मी संध्याकाळचा तीन वर्षांचा अर्धवेळ अभ्यासक्रम घेतला. आईचे म्हणणे एकच होते, “शीक तू, पण पहिल्या तारखेचं तेवढं चुकू देऊ नकोस.”

पहिली तारीख चुकली नाही. पण साडेसहा ते साडेनऊ वर्ग करून डोंबिवलीला पोहोचेपर्यंत अकरा वाजत. आई तोवर जागी राही. बाबांना डॉक्टरांकडे नेणे, विजेचे बिल, गॅसचा नंबर लावणे ही माझी कामे न बोलता भावाकडे गेली. हिशेबशास्त्रात यंत्राची झीज दरवर्षी ‘घसारा’ म्हणून मांडतात आणि तिच्यासाठी तरतूद करतात. माणसांची झीज कुठल्याच वहीत चढत नाही. ऐन बारावीच्या वर्षी भाऊ माझ्या वाट्याचे तास भरत होता.

एका रविवारी आम्ही चौघे वही घेऊन बसलो. तीन महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. भावाच्या परीक्षेआधी दोन महिने त्याला एकही काम सांगायचे नाही. रविवारची दुपार घराची, पुस्तकांची नाही. दुसऱ्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा त्या तीन महिन्यांच्या पैशांनी घर उभे राहिले. फीसाठी साठवलेले पैसे मात्र रुग्णालयात गेले, म्हणून मी ते सत्र सोडले आणि पुढच्या खेपेला परीक्षा दिली. तीन वर्षांची पदवी साडेतीन वर्षांनी हाती आली. त्या सहा महिन्यांबद्दल पुढे नोकरीत मला कुणी काही विचारले नाही.

ज्यांच्यावर घर अवलंबून आहे त्यांनी शिकूच नये, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे मला कधी पटले नाही. तसेच ‘इच्छा असेल तर सगळे जमते’ हेही पटत नाही. इच्छा शिकणाऱ्याची असते, जमवून आणतात घरची माणसे. म्हणून किती महिन्यांचे पैसे हाताशी आहेत, कुणाचे किती तास आपण घेणार, आणि गरज पडली तर कुठे थांबायचे, हे अर्ज भरण्यापूर्वी सगळ्यांसमोर लिहून काढावे. अर्ध्यावर थांबून पुन्हा सुरू करण्याची मुभा देणारा अभ्यासक्रम आपल्यासारख्यांना नावाजलेल्या संस्थेपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

आमच्याकडे आता भावाची पाळी आहे. त्याने अर्ज आणला तेव्हा आम्ही पुन्हा वही काढली. या वेळी तास माझ्या नावावर लिहिले आहेत.