दगडाशेजारची पाटी : भाग 5 – बारा की पंधरा?

साताऱ्याजवळच्या लिंबला बारा मोटांची विहीर बघायला गेलेला माणूस काठावर आला की मोटेचं पाणी जिथे पडतं ती थारोळी मोजायला लागतो आणि पंधरावर थांबतो. परत मोजतो. पंधराच. ‘मग नाव बारा मोटांचं कसं?’

तिथली पाटी मी लिहिली, तर याच प्रश्नाने सुरू करीन. सोय पंधरा मोटांची, पण चालत बारा, म्हणून नाव बारा मोटांचं. एवढं कळलं की माणूस पुढचं वाचतो. आपल्याकडची पाटी मात्र सुरू होते ती ‘ही ऐतिहासिक विहीर’ असं म्हणून. मग शके 1641 ते 1646, म्हणजे इ.स. 1719 ते 1724, बांधणाऱ्या वीरूबाई भोसले, खोली 110 फूट, व्यास 50 फूट. सगळं खरं आहे आणि द्यायलाही हवं, पण नंतर.

कारण आज विहिरीवर येणाऱ्या बहुतेकांनी चालती मोट पाहिलेलीच नाही. बैल धावेवरून उतरले की नाड्याला बांधलेली कातडी मोट वर येते. तिच्या सोंडेला वेगळा दोर असतो, तो सोंदूर. मोट काठाशी आली की सोंदूर सोंडेला थारोळ्याकडे ओढतो आणि पाणी भसकन ओतलं जातं. हात लावावा लागत नाही. हे शब्दांत सांगत बसण्यापेक्षा एक रेखाचित्र काढावं आणि त्यावर नाडा, सोंदूर, धाव, थारोळं अशी नावं टाकावीत. पाहणारा चित्रावरून मान वर करून समोरच्या दगडात थारोळं शोधतो. पाटीने एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांचा अनुभव घेऊन फ्रीमन टिल्डन यांनी 1957 साली अशी ठिकाणं लोकांना कशी समजावून द्यावीत या विषयावर पुस्तक लिहिलं. माहिती देणं वेगळं आणि अर्थ उलगडून दाखवणं वेगळं, हे त्यांचं म्हणणं. आपल्या संरक्षित स्मारकांवरची निळी पाटी यातलं काहीच करत नाही. ती 1958 चा कायदा आणि शिक्षा सांगते. तीही लागतेच म्हणा.

आता आमची फजिती. सांगलीकडच्या एका गावात देवळामागच्या वीरगळांसाठी, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांच्या स्मरणशिळांसाठी, आम्ही घाईघाईने फ्लेक्सची पाटी केली. दोन उन्हाळ्यांत लाल-पिवळा रंग उडून ती नुसती निळसर उरली. पण खरी चूक मजकुरात होती. आम्ही वरच्या चौकटीपासून सुरुवात केली होती : शिवलिंगाची पूजा, मग अप्सरा, मग लढाई. पारावरच्या एका आजोबांनी नातवाकडून पाटी वाचून घेतली आणि म्हणाले, “आदी मेला, मग सर्गात गेला की! तुमी उलटं सांगालायसा.”

बरोबरच होतं. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाला वीराचं मरण, मध्ये त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे बसलेला वीर, माथ्यावर चंद्र-सूर्य.

दुसरी पाटी आम्ही कमरेइतकीच उंच आणि तिरकी बसवली, म्हणजे दगड झाकला जात नाही आणि पोरांनाही वाचता येते. मजकूर तीन ओळींचा, पहिली ओळ सगळ्यात खाली. मथळा दोनच शब्दांचा : ‘खालून वाचा’. पोरं आता वाकून सुरुवात करतात.

पुढच्या आठवड्यात : पत्रा, खांब आणि पाया.